दूरची फेंक आणि ‘पार’चें गणित

कोणत्याहि खेळांत दोन गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो. खेळाडूनें प्रत्यक्ष काय केलें हा पहिला हिशेब, आणि त्याच्याकडून काय अपेक्षित होतें हा दुसरा. पहिला हिशेब डोळ्यांनीं पाहून होतो; दुसऱ्याला मात्र आधीं ठरविलेलें एक माप लागतें. तें माप कोणीं ठरवावें, कशावरून ठरवावें आणि कोणासाठीं ठरवावें, हे प्रश्न दिसतात तितके सोपे नाहींत. शाळेंतील परीक्षेपासून शेतांतील दिवसाच्या कामापर्यंत जेथें जेथें माणसाच्या श्रमाला माप लावलें जातें, तेथें तेथें हेच प्रश्न उभे राहतात. अमेरिकेंत वाढलेल्या एका खेळांतील एका विलक्षण फेंकीच्या निमित्तानें त्यांचा विचार करितां येईल.

हा खेळ म्हणजे चकतीचा गॉल्फ. ता. २६ जून २०२१ रोजीं अमेरिकेच्या यूटा संस्थानांतील ऑग्डन या शहरीं, फोर्ट ब्वेनाव्हेंचुरा नांवाच्या मैदानावर, त्याच्या जागतिक अजिंक्यपदाचा अखेरचा सामना चालू होता. अनेक दिवसांच्या खेळानंतर शेवटचा, म्हणजे अठरावा टप्पा तेवढा उरला होता. पॉल मॅकबेथ हा खेळाडू एका फेंकीनें पुढें होता. त्यानें यापूर्वीं पांच वेळां हें पद मिळविलेलें होतें. त्याच्या पाठोपाठ जेम्स कॉन्रॅड होता. त्याला हें पद एकदांहि लाभलें नव्हतें. कॉन्रॅडची दुसरी फेंक पडली तेथून टोपली २४७ फूट, म्हणजे सुमारें ७५ मीटर दूर होती. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. तशा जवळजवळ पावणेचार खेळपट्ट्या एकापुढें एक मांडाव्या, एवढें तें अंतर. आणि लक्ष्य केवढें? सांखळ्या टांगलेली सुमारें दोन फूट रुंदीची एक टोपली. कॉन्रॅडनें चकती सोडली ती हवेंतून सरळ जाऊन सांखळ्यांवर आदळली आणि टोपलींत राहिली. त्याच्या तीन फेंकी झाल्या, मॅकबेथच्या चार. बरोबरी झाली. मग जो जादा टप्पा खेळविण्यांत आला, त्या पहिल्याच टप्प्यावर कॉन्रॅडनें अजिंक्यपद मिळविलें.

या टप्प्याचा ‘पार’ चार होता. म्हणजे मॅकबेथनें त्या टप्प्यावर अपेक्षेइतकेंच केलें. त्याच्याकडून जेवढें मागितलें जात होतें तेवढें त्यानें पुरें दिलें. तरीहि हातांत आलेलें पद गेलें. तेव्हां ही अपेक्षा, हा ‘पार’, म्हणजे आहे तरी काय? तो गांठला असतां काय मिळतें आणि काय मिळत नाहीं? हें समजण्यासाठीं प्रथम खेळाची ओळख करून घेतली पाहिजे.

गॉल्फमध्यें काठीनें चेंडू टोलवीत तो दूरच्या एका खळग्यांत घालावयाचा असतो. येथें काठी नाहीं, चेंडू नाहीं आणि खळगाहि नाहीं. सुमारें वीतभर रुंदीची, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाची एक चकती हातानें फेंकावयाची. ती जेथें पडेल तेथून पुन्हां फेंकावयाची. आणि अशा रीतीनें कमींत कमी फेंकींत ती खांबावरील टोपलींत घालावयाची. एका फेरींत बहुधा अठरा टप्पे असतात. ज्याच्या एकंदर फेंकी सर्वांत कमी, तो विजयी. नियम इतका साधा आहे कीं, सहा वर्षांच्या मुलालाहि तो एकदां सांगून समजतो.

चकती फेंकण्याच्या खेळाचें मूळ अमेरिकेंतील बेकरीच्या थाळ्यांत आहे असें सांगतात. कनेक्टिकट संस्थानांतील ब्रिजपोर्ट येथें फ्रिस्बी नांवाच्या कंपनीचे पाय, म्हणजे भरलेल्या भाजणीचे एक पक्वान्न, पत्र्याच्या थाळींत विकले जात. रिकाम्या थाळ्या मुलें एकमेकांकडे फेंकीत. पुढें फ्रेडरिक मॉरिसन यानें प्लॅस्टिकची चकती तयार केली आणि १९५७ मध्यें व्हॅम-ओ या कंपनीनें ती बाजारांत आणली. त्याच कंपनींतील एड हेड्रिक या गृहस्थानें तिच्यांत सुधारणा केल्या. १९७५ मध्यें कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह उद्यानांत चकतीच्या गॉल्फचें पहिलें कायमचें मैदान त्यानें आंखलें. प्रारंभीं लक्ष्य म्हणून साधे खांबच होते. चकती खांबाला लागली कीं नाहीं यावरून वाद होत. ते मिटविण्यासाठीं त्यानें सांखळ्या आणि टोपली यांची योजना केली. सांखळ्या चकतीचा वेग शोषून घेतात आणि टोपली तिला झेलते. मग वादाला जागाच उरत नाहीं. १९७६ मध्यें या खेळाची व्यावसायिक संघटना स्थापन झाली. हेड्रिक २००२ मध्यें वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याची रक्षा चकत्यांच्या मिश्रणांत मिसळण्यांत आली.

आतां चकती इतकी दूर कशी जाते? दगड फेंकला तर तो कमान काढून खालीं येतो, कारण त्याला हवेचा आधार नाहीं. चकतीचा माथा फुगीर आणि कडा निमुळती असल्यामुळें ती पुढें जातांना हवा खालीं लोटते आणि हवा तिला वर उचलून धरते. परंतु नुसत्या उचलण्यानें काम भागत नाहीं. न फिरणारी चकती दोन हातांवर उलटून पडेल. तिला स्थैर्य मिळतें तें फिरण्यामुळें. भोंवरा फिरत असतो तोंवर आरीवर उभा राहतो आणि गति संपली कीं लवंडतो, हें प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. चकती म्हणजे हवेंत आडवा धांवणारा भोंवराच होय.

भोंवऱ्याचा आणखी एक गुण चकतींत उतरलेला आहे. फिरत्या भोंवऱ्याला एका बाजूनें ढकललें तर तो त्या बाजूस न कलतां काटकोनांत कलतो. उजव्या हातानें, छातीसमोरून बाहेर फेंकलेली चकती वरून पाहिलें असतां घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरते. वेग कमी होऊं लागला म्हणजे हवा तिच्या पुढच्या कडेला वर उचलूं पाहते. परंतु ती फिरत असल्यामुळें पुढची कड न उचलतां चकती डावीकडे कलते आणि डावीकडेच वळते. म्हणून कसलेला खेळाडू टोपलीच्या नेमक्या दिशेनें चकती सोडीत नाहीं. शेवटीं ती किती वळेल याचा अंदाज घेऊन आधींच तितकी बाजू देतो. समोरून वारा आला तर हा हिशेब बदलतो, मागून आला तर पुन्हां बदलतो.

चकत्यांतहि जाति आहेत. धारदार कडेच्या चकत्या वेगानें दूर जातात. जाड कडेच्या हळूं, पण सरळ आणि भरंवशाच्या असतात. निव्वळ अंतराचेंच पाहावयाचें तर २०१६ मध्यें डेव्हिड विगिन्स या तरुणानें नेव्हाडाच्या वाळवंटांत वाऱ्याचें साहाय्य घेऊन ३३८ मीटरांची फेंक केली होती. त्यापुढें ७५ मीटर कांहींच नव्हेत. कॉन्रॅडच्या फेंकीचें मोल अंतरांत नसून अंतर, नेम आणि वेळ या तिहींच्या संगमांत आहे. त्या वेळीं त्याच्या हातांत होती ती जाड कडेची, एरवीं टोपलीजवळून टाकण्याची चकती. दूर जाणें नव्हे, तर नेमकें जाणें त्याला हवें होतें.

आतां मापाकडे वळूं. आपल्याकडील विटीदांडूंत टोला मारल्यावर विटी पडली तेथपासून गलीपर्यंतचें अंतर दांडूनें मोजतात. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं हें मोजणें ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशा शब्दांनीं चालतें. ऐकणाराला ते निरर्थक वाटतात. पण तेलुगु भाषेंतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ हे एकापासून चारपर्यंतचे अंक त्यांत स्पष्ट दिसतात. या पद्धतींत झालेल्या कामाचें मोजमाप चोख आहे; मात्र अपेक्षेचें माप नाहीं. टोला पन्नास दांडूंचा गेला तर तो पन्नासांचा. तो चांगला कीं बेताचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ‘पार’ ही कल्पना नेमकी हीच उणीव भरून काढते.

पार हा शब्द ऐकून आपल्याला वडाखालचा पार आठवेल. पण हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ ‘समान’ असा आहे. शेअरबाजारांत एखाद्या रोख्याचा भाव त्याच्या दर्शनी किंमतीइतका असला म्हणजे तो ‘पार’ला आहे असें म्हणत, तेथून हा शब्द गॉल्फमध्यें आला. १८७० मध्यें स्कॉटलंडांतील प्रेस्टविक येथें मोठी स्पर्धा व्हावयाची होती. डोलमन नांवाच्या एका लेखकानें दोन नामांकित खेळाडूंना विचारलें कीं, येथील बारा टप्प्यांना किती टोले लागावे? चूक न करितां खेळल्यास एकूणपन्नास, असें त्यांनीं सांगितलें. डोलमननें त्या आंकड्याला ‘पार’ म्हटलें. स्पर्धा तीन फेऱ्यांची, म्हणजे पार १४७ झाला. ती जिंकणाऱ्या धाकट्या टॉम मॉरिसला १४९ टोले लागले. म्हणजे त्या काळचा अजिंक्य खेळाडूहि पारच्या मागें दोन टोल्यांनीं राहिला. माप किती कडक होतें तें यावरून दिसतें.

पुढें अमेरिकेंतील गॉल्फ संघटनेनें १९११ मध्यें अंतरावरून पार ठरविण्याचा नियम केला. २२५ यार्डांपर्यंत तीन, त्यापुढें ४२५ पर्यंत चार, ६०० पर्यंत पांच, आणि त्याहून लांब टप्प्याला सहा. त्यामागील हिशेब असा कीं, खळग्याभोंवतींच्या गुळगुळीत हिरवळीवर पोंचण्यास जितके टोले लागतील तितके मोजावे आणि तेथून चेंडू खळग्यांत लोटण्यासाठीं दोन अधिक धरावे.

चकतीच्या गॉल्फनें हा वारसा घेतला. पण तो जसाच्या तसा घेणें सोयीचें नव्हतें. या खेळाच्या संघटनेनें पारची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा: तज्ज्ञ खेळाडूनें, निर्दोष खेळ करून, सामान्य हवामानांत, एखादा टप्पा जितक्या फेंकींत पुरा करावा अशी अपेक्षा असते, तितक्या फेंकी म्हणजे त्या टप्प्याचा पार, आणि तो स्पर्धेच्या संचालकानें ठरवावा. यांतील प्रत्येक शब्द तोलून घातलेला आहे. ‘तज्ज्ञ’ म्हटल्यानें माप कोणासाठीं हें ठरतें. ‘निर्दोष’ म्हटल्यानें चुकांना जागा राहत नाहीं. पण निर्दोष म्हणजे अलौकिक नव्हे. ७५ मीटरांवरून टोपली गांठणें कोणा तज्ज्ञाकडूनहि अपेक्षित नाहीं. ‘सामान्य हवामान’ म्हटल्यानें एका दिवशीं वादळ झालें म्हणून पार वाढवावयाचा नाहीं, हें निश्चित होतें.

हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. बुलढाणा जिल्ह्यांतील संग्रामपूर तालुक्यांत वरवट बकाल हें गांव आहे. उत्तरेस सातपुड्याची रांग, भोंवतीं कपाशीची काळी जमीन. समजा, पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या रानांत तेथील तरुणांनीं चकतीचें मैदान आंखावयाचें ठरविलें. पहिला टप्पा ७५ मीटरांचा, मध्यें एक झाड नाहीं. तज्ज्ञ खेळाडू पहिल्याच फेंकींत टोपलीजवळ येईल, पार तीन. दुसरा टप्पा २०० मीटरांचा, सरळ आणि मोकळा. तज्ज्ञाच्या दोन फेंकी टोपलीजवळ पोंचण्यास पुरतील, पार चार. तिसरा टप्पाहि २०० मीटरांचाच, परंतु ६० मीटरांवर निंबांची दाट राई असून तिला वळसा घालावा लागतो. तेथें कितीहि जोर असला तरी पहिली फेंक ६० मीटरांवर थांबवावी लागेल. राहिलेल्या १४० मीटरांना आणखी दोन. टोपलीजवळ येण्यास तीन फेंकी झाल्या, पार पांच. अंतर तेंच, पार निराळा. यावरून नुसती फितूर धरून पार ठरविणें चुकीचें आहे हें लक्षांत येईल. लांबी, झाडी, चढउतार, पाणी या सर्वांचा विचार करून जी खरी लांबी भरते, ती धरावी लागते.

येथें कोणी म्हणेल कीं, गांवांतील वीस मुलांना खेळवावें, त्यांच्या फेंकींची सरासरी काढावी आणि तोच पार समजावा. ही सूचना न्यायाची दिसते. पण तींत मोठा दोष आहे. वर्षभरांत मुलें सुधारलीं कीं सरासरी खालीं येईल आणि मापच बदलेल. ज्या काठीनें उंची मोजावयाची ती काठीच मुलाबरोबर वाढूं लागली, तर मूल वाढलें कीं नाहीं हें कळणार कसें? सरासरी ही पारची साक्षीदार असूं शकते, न्यायाधीश नव्हे. तज्ज्ञांनाहि एखाद्या टप्प्यावर सतत अधिक फेंकी लागूं लागल्या, तर आंकडा ठरवितांना कांहीं नजरेआड झालें असा संशय घ्यावा आणि तो पुन्हां तपासावा, एवढाच तिचा अधिकार.

दुसरी अडचण शेवटच्या फेंकीची आहे. गॉल्फमध्यें हिरवळीवर दोन टोले धरतात. चकतीच्या खेळांत टोपलीभोंवतींच्या दहा मीटरांच्या वर्तुळांतून तज्ज्ञ खेळाडू बहुधा एकाच फेंकींत टोपली गांठतो. तेव्हां काटेकोर हिशेबानें वरील तीन टप्प्यांचे पार दोन, तीन आणि चार व्हावयास हवे. पण दोनचा पार लिहिण्याची सहसा प्रथा नाहीं; लहानांत लहान टप्प्यालाहि तीन देतात. पूर्वीं तर पुष्कळ मैदानांवर सरसकट सर्वच टप्प्यांना तीन धरीत. या सैलपणाचा परिणाम असा कीं, पारपेक्षां पुष्कळ कमी फेंकी होणें हें या खेळांत नवलाचें राहिलें नाहीं. २०१८ मध्यें याच मॅकबेथनें एका स्पर्धेंत अठरा टप्प्यांची फेरी पारपेक्षां अठरा फेंकी कमी घेऊन पुरी केली. खेळ असामान्य होता यांत शंका नाहीं. पण त्याच्या आंकड्याचा कांहीं भाग मापाच्या सैलपणाकडेहि जातो.

मग पारवर जयपराजय अवलंबून असतो काय? दोन फेंकींची तुलना केली म्हणजे याचें उत्तर मिळतें. २०१६ मध्यें ऑरेगन संस्थानांतील एका स्पर्धेंत फायलो ब्रॅथवेट या खेळाडूनें पांच पारच्या टप्प्यावर दुसरीच फेंक दूरवरून टोपलींत घातली. पारपेक्षां एक कमी झाली तर तिला ‘पक्षी’ अशा अर्थाचें नांव आहे, दोन कमी झाल्या तर ‘गरुड’, आणि तीन कमी झाल्या तर ‘अल्बॅट्रॉस’, हा एक मोठा समुद्रपक्षी. ब्रॅथवेटची फेंक या शेवटच्या नांवानें प्रसिद्ध झाली. तो टप्पा चार पारचा मानला असता, तर तीच फेंक केवळ ‘गरुड’ ठरली असती. तिचें नांव पारनें दिलें आहे. कॉन्रॅडच्या फेंकीचें तसें नाहीं. त्या टप्प्याचा पार तीन असता किंवा पांच असता, तरी कॉन्रॅडच्या तीन आणि मॅकबेथच्या चारच राहिल्या असत्या, आणि बरोबरी झालीच असती. विजय मोजला जातो तो फेंकींनीं. पार त्या फेंकींना नुसतें नांव देतो. प्रत्यक्ष बेरजेंत पार शिरतो तो उशीर करणाऱ्याच्या बाबतींत. खेळाडू वेळेवर न आल्यास चुकलेल्या प्रत्येक टप्प्यासाठीं त्याच्या नांवावर पार अधिक चार एवढ्या फेंकी लिहितात.

तरीहि पार निरुपयोगी आहे असें नव्हे. निरनिराळ्या मैदानांवर, निरनिराळ्या दिवशीं खेळलेल्यांची तुलना करावयाची तर एक समान पायरी हवी. आणि एकट्यानें सराव करणाऱ्याला आपण कोठें आहोंत हें सांगणारें दुसरें कोणी नसतें. मात्र येथें ‘कोणासाठीं’ हा प्रश्न पुन्हां पुढें येतो. या खेळांत खेळाडूंना गुणांक देतात. तज्ज्ञाचा गुणांक १००० धरतात आणि त्याखालीं ९५०, ९००, ८५० अशा पायऱ्या मानून त्यांना रंगांचीं नांवें दिलेलीं आहेत. साधारणतः दहा गुणांचा फरक म्हणजे एका फेरींत सुमारें एक फेंक. म्हणजे ९०० गुणांकाच्या खेळाडूनें १००० च्या खेळाडूपेक्षां दहा फेंकी अधिक घेतल्या, तर तो आपल्या पायरीप्रमाणें चोख खेळला. म्हणून नवशिक्यांसाठीं निराळ्या पायरीचा पार लिहिण्याची सोय ठेवलेली असते. त्यांत दया नाहीं, अचूकपणा आहे. दहा वर्षांच्या मुलाला तज्ज्ञाचा पार लावला तर तो रोज हरेल आणि चकती टाकून देईल; तज्ज्ञाला मुलाचा पार लावला तर तो रोज जिंकेल आणि कांहींच शिकणार नाहीं.

या सर्व विवेचनावरून कोणत्याहि न्याय्य मापाच्या तीन अटी हातीं लागतात. तें काम सुरू होण्यापूर्वीं ठरलेलें असावें. तें कोणासाठीं आहे हें स्पष्ट लिहिलेलें असावें. आणि निकाल मनासारखा लागला नाहीं म्हणून तें मागाहून बदलूं नये. शाळेच्या क्रीडादिनीं उंच उडीची पहिली काठी किती हातांवर बांधावी, किंवा गांवच्या शर्यतींत लहान मुलांना किती पावलें पुढें उभें करावें, हें ठरवितांनाहि याच अटी उपयोगीं पडतील. आणि माप लावून घेणारानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पार ही अपेक्षेची रेषा आहे, पराक्रमाची सीमा नव्हे. आणि तो विजयाचें वचनहि देत नाहीं. ऑग्डनच्या त्या अखेरच्या टप्प्यावर मॅकबेथच्या नांवापुढें पारइतक्याच चार फेंकी लिहिल्या गेल्या, आणि त्यांत त्याला उणें वाटावें असें कांहीं नाहीं. फक्त त्या दिवशीं दुसऱ्या एकानें ७५ मीटरांवरून तीनांतच काम पुरें केलें.